कावळ्यांनी धरलेला डूख

वीज खात्यात लाइनमन म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. गावात मला सगळे वायरमनच म्हणतात, अजूनही म्हणतात. एवढ्या वर्षांत लोकांनी मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न 'लाइट कवा येणार' हा. त्याचं उत्तर मला कधीच नीट देता आलं नाही. दुसरा प्रश्न असा, की तारेवर बसलेल्या पाखराला करंट कावून लागत न्हाई? याचं उत्तर मात्र सोपं आहे. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. विजेला त्याच्या अंगातून जाऊन बाहेर पडायला दुसरी वाट लागते, ती तिथं नसते. पाखरानं बसल्या बसल्या दुसऱ्या तारेला किंवा लोखंडी खांबाला पंख लावला, की वाट मिळते आणि पाखरू संपतं. चिमणीचा पंख तेवढा पुरत नाही. मोराचा पुरतो. चकलांब्याला नोकरीवर असताना असे मोर मी खाली पडलेले पाहिले आहेत आणि हातांनी खड्डा करून पुरलेही आहेत.

लाइनमनला पाखरं ओळखावीच लागतात, कारण त्याच्या निम्म्या तक्रारींमागं पाखरू असतं. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली, की भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, साळुंकीच्या जातीतल्या. हिमालयाच्याही पलीकडच्या मुलखातून येतात म्हणे. संध्याकाळी तारेवर अशा दाटीनं बसतात, की तार खाली ओढली जाते. मग कुणीतरी गोफण फिरवतो, सगळ्या एकदम उडतात, हलकी झालेली तार उसळून शेजारच्या तारेला भिडते आणि गाव अंधारात जातं. लोक शिव्या मला घालतात.

आमच्या सबस्टेशनच्या आवारात गिट्टी अंथरलेली असते. त्या गिट्टीत दर उन्हाळ्यात एक टिटवी अंडी घालायची. घरटं वगैरे काही नाही, खड्यांत खड्यांसारखीच अंडी. शोधायला गेलं तर दिसायची नाहीत आणि न शोधता गेलं तर पायाखाली यायची. ऊन चढलं, की ही बाई टाकीच्या गळतीखाली जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. माझा जोडीदार सत्तारभाई तिला पाहून म्हणायचा, "देख नामदेव, हिच्याकडं कूलर हाय. आपल्या हापिसात न्हाई."

पण मला सांगायचं आहे ते कावळ्यांचं.

कावळा घरटं बांधतो ते काड्यांचं, असं शाळेत शिकवतात. आमच्या भागातला कावळा तारेचं बांधतो. स्लॅबच्या बांधकामावरची बारीक बांधायची तार, द्राक्षाच्या मांडवाची तार आणि आम्हीच काम करून खाली टाकलेले ॲल्युमिनियमचे तुकडे. काडीपेक्षा तार त्याला बरी वाटत असावी, वाऱ्यानं उडत नाही. आणि हे घर तो बांधतो नेमकं खांबाच्या डोक्यावर, जिथं तारांना धरणारा लोखंडी पट्टा इंग्रजी व्हीसारखा फाकलेला असतो. बसायला ऐसपैस, आणि मांजर चढत नाही. पण घरट्यातून एखादी तार खाली लोंबली आणि चालू तारेला लागली, की मोठा जाळ होतो. लाइन जाते. कधी कधी घरट्यासकट पिल्लंही जातात. म्हणून पावसाळ्याआधी लाइन बंद करून घ्यायची, सबस्टेशनवरून तसा शब्द घ्यायचा, साखळी टाकून लाइन जमिनीला जोडायची आणि मग वर चढून घरटी काढायची, हे आमचं ठरलेलं काम.

आमचं गाव सिरसाळ्याच्या बाजूला, नदीकाठी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझी बदली गावच्याच सबस्टेशनवर झाली. घर नदीच्या वाटेला, घरासमोर लिंबाचं झाड आणि झाडापलीकडं डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसवलेली खांबांची जोडी. नळाला पाणी चढवणारी मोटर याच डीपीवर. एका उन्हाळ्यात तिथं कावळ्यांनी तारेचं घर बांधलं आणि रोज दुपारी फ्यूज उडायला लागला. गावात पाणी नाही. बाया घागरी घेऊन माझ्या दारात. मी लाइन बंद करून वर चढलो. घरट्यात दोन पिल्लं होती, उघडी, लाल तोंडाची. मी ती घमेल्यात घातली, घमेलं लिंबाच्या दुबेळक्यात बांधलं आणि तारेचं घरटं खाली टाकलं. आजही तशीच वेळ आली तर मी तेच करीन.

पिल्लांना कावळ्यांनी घमेल्यात येऊन चारलं, ती मोठी झाली, उडाली. पण मी वर होतो तेवढा वेळ दोन्ही कावळे माझं तोंड जवळून निरखत होते. त्यातल्या मादीचा एक पाय वाकडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर पडलो आणि डोक्यात फाडकन चोच बसली.

त्या दिवसापासून माझं बाहेर फिरणं मुश्कील झालं. चहाच्या टपरीवर जावं तर दोन कावळे मागं. ते ओरडले, की आणखी दहा जमायचे, ज्यांचं मी काही बिघडवलेलं नव्हतं ते सुद्धा. पुढच्या वर्षीची पोरं, जी तेव्हा अंड्यातही नव्हती, तीही आईबापांच्या सुरात सूर मिळवून माझ्यावर धावायला लागली. सापानं डूख धरल्याचं ऐकलं होतं, कावळ्यानं धरल्याचं नाही.

मला वाटलं, हेल्मेटचा राग असेल. सत्तारभाई म्हणाला, "चल, बघू या." त्यानं माझा युनिफॉर्म चढवला, माझं पिवळं हेल्मेट घातलं आणि लिंबाखालून दोनदा गेला. एकही कावळा हलला नाही. मग मी त्याचा पांढरा कुर्ता घातला, डोक्यावर त्याची जाळीची टोपी ठेवली आणि अगदी सावकाश चाललो. निम्म्या वाटेत माझ्या डोक्यावरची टोपी लिंबावर गेली.

सत्तारभाई हसून हसून खाली बसला. "कपड्याशी त्याचं काय लेना-देना न्हाई," तो म्हणाला. "तुझी मिशी पाठ केलीय त्यांनी." माझी मिशी तेव्हा झुपकेदार होती आणि मला तिचा अभिमान होता.

इथवर सगळी थट्टाच होती. शेजारचे दगडूअण्णा वारले तेव्हा ती थट्टा संपली.

अण्णांच्या दहाव्याला मी नदीवर गेलो होतो. पिंड ठेवला, सगळे मागं सरले आणि कावळ्याची वाट पाहू लागले. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर होते, पण खाली कुणी येईना. सगळे माझ्याकडं तोंड करून कोकलत होते. अण्णांच्या पोरांनी हात जोडले, नाही नाही ती वचनं दिली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "त्या वायरमनला लांब न्या की बे, त्याच्यापायी यीना गेलेत." मी उठलो आणि दरडीच्या मागं जाऊन उभा राहिलो. लगेच गलका ऐकू आला, शिवला, शिवला.

ही गोष्ट माझ्या आधी घरी पोचली. माय ओट्यावर बाज टाकून बसली होती. दात सगळे गेलेले, म्हणून जेवण झालं की छोट्या लोखंडी खलबत्त्यात पान कुटायची, ठक-ठक-ठक, आणि चिमटीनं तोंडात टाकायची. त्या दिवशी पान न कुटताच बसली होती.

"नामा, दगडूच्या दहाव्याला तू मागं सरलास, बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या दहाव्याला कुठं सरशील?"

"माय, काय बोलायलीस?"

"एकुलता एक ल्योक तू. पिंड तुलाच द्यायचा हाय. तू तिथं असला तर कावळा येणार न्हाई, आन तू नसला तर पिंड कोण दील?"

मी म्हणालो, नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिवतात, शास्त्रात तशी सोय आहे.

"मला गवताचा कावळा नको," माय म्हणाली. "जिता पाहिजे. लई कष्टात दिवस काढले मी, जाताना तरी कुणी नीट निरोप द्यावा."

माझा पिंड-कावळ्यावर फार विश्वास आहे असं नाही. पण माय म्हातारपणी मागून मागून एवढंच मागत होती आणि ते माझ्या नोकरीनं अडवून धरलं होतं. मी ठरवलं, की या कावळ्यांशी समझोता करायचा. माय जिवंत आहे तोवर करायचा. बिघाड शोधताना आम्ही लाइन एका टोकापासून धरतो आणि खांबामागून खांब तपासत जातो, घाई केली की बिघाड सापडत नाही. तसंच हे काम धरायचं ठरवलं.

दुपारी जेवायला घरी यायचो. जेवण झालं, की भाकरीचा कुस्करा आणि थोडे शेंगदाणे घेऊन लिंबाखाली जायचो, ठेवायचो आणि मायच्या बाजेजवळ येऊन बसायचो. डोकं उघडं, हात मांडीवर. पहिले कित्येक दिवस कावळ्यांनी भाकरीला चोचही लावली नाही, आधी माझ्या डोक्याचा समाचार घेतला. बायको, कमल, आतून म्हणायची, "त्याहून चिमण्यांना तरी घाला, त्या उपकार तरी मानतेत." मी बसून राहायचो. माझ्या शेजारी माय पान कुटत असायची.

मग मी आत गेलो की भाकरी संपायला लागली. मग मी पाठ करून बसलो की संपायला लागली. मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करायचो, तर माय दटावायची, "गप बस. तू बोलला का भांडल्यावानी वाटतं." तिचं बरोबर होतं. गप्प बसल्यावर जास्त जमलं.

मधेच एक विघ्न आलं. पुढच्या हंगामात त्याच डीपीवर पुन्हा काड्या-तारा पडायला लागल्या. मी घरटं काढलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात. सत्तारभाई म्हणाला, "मी काढतो." मी म्हणालो, "मग ते तुझ्यामागं लागतील." त्यानं थोडा विचार केला आणि तोंडाला लाल रुमाल बांधला, फक्त डोळे उघडे. आम्ही अंडी पडायची वाटच पाहिली नाही. सकाळी त्यांनी काड्या रचल्या, की लाइन बंद करून दुपारी सत्तारभाईनं काढायच्या, असं रोज चाललं. उघड्या तारांवर आम्ही रबरी नळीही चढवली. शेवटी कावळे कंटाळले आणि घर लिंबावर बांधलं. सत्तारभाईला काही झालं नाही. पण त्या वर्षी तोंडाला लाल रुमाल बांधून मोटरसायकलवर केजला नाहीतर परळीला निघालेली पोरं आमच्या डीपीजवळ आली, की त्यांच्या डोक्यात कावळा बसायचा. का ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हा दोघांना माहीत होतं.

लिंबावर घर झाल्यावर वाकड्या पायाची मादी आमची शेजारीणच झाली. माय तिला लंगडी म्हणायची. एके दिवशी मी कुस्करा ठेवून मागं वळलो नाही, तिच्याकडं तोंड करून उभा राहिलो. लंगडी उतरली, मान वाकडी करून तिनं आधी एका डोळ्यानं आणि मग दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि शेंगदाणा उचलून गेली. डोक्यात मारलं नाही. मला इतका आनंद झाला, की मी आतमध्ये ओरडून कमलला सांगितलं. माय नुसती हसली आणि पान कुटत राहिली.

त्यानंतर टपरीवर जाणं सोपं झालं. मी निवृत्त झालो, दुपारी घरीच असायचो. खाऊ घालणं चालूच होतं. एक दिवस मायनं मला जवळ बोलावलं. "आता बिनघोर जाते," म्हणाली. मी म्हणालो, घाई कशाला करतीस. तिनं केलीच नाही, आणखी एक उन्हाळा काढला. थंडीच्या सुरुवातीला झोपेतच गेली.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. केज, अंबाजोगाईकडची पाहुणेमंडळी आली. न्हावी बसला होता, त्यानं माझं डोकं केलं आणि मिशी उतरवली. ओठांवर वारा लागला तेव्हा मला एकदम काहीतरी आठवलं, पण तोवर मिशी वाळूत पडली होती.

पिंड ठेवला. बाजूला मायच्या आवडीच्या गोष्टी मांडल्या होत्या. चहाचा कप, गुळाचा खडा, तंबाखू, विड्याची पानं, चुना, सुपारी आणि तिचा खलबत्ता. आम्ही मागं सरलो. बाभळीवर कावळे होते, लंगडीही होती. मला वाकडा पाय स्पष्ट दिसत होता. माझ्यावर कुणी ओरडलं नाही. पण कुणी खालीही आलं नाही. नुसते बसून पाहत होते, जसं परक्या माणसाकडं पाहतात.

तात्या, माझे चुलते, असल्या कामात जाणते. ते म्हणाले, "इच्छा राहिली आसंल. बोला, काय कबूल करायचं ते करा."

आक्का, माझी थोरली बहीण, पुढं झाली. "माय, माझ्या धाकलीचं लगीन मी नीट करीन. तू काळजी करू नको." कावळे हलले नाहीत.

कमल सासूच्या पिंडाकडं पाहून म्हणाली, "मामी, तुमची गाय आमी इकणार न्हाई." कावळे हलले नाहीत.

"घराला कुलूप लावणार न्हाई," कुणीतरी म्हणालं. "रोज सांजंला दिवा लावू." ऊन वर आलं. पाहुणे घड्याळं बघायला लागले. आणि मग ते आलंच, जे येणार हे मला माहीत होतं. मागून आवाज आला, "वायरमनला लांब घ्या जरा."

"मी हलणार न्हाई," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला. एवढा काळ मी त्या पाखरांच्या चोची खाल्ल्या होत्या, त्या काय आज दरडीमागं जाऊन उभं राहण्यासाठी?

तात्या वाईट वाटून घेत माझ्याजवळ आले. "नामा, कवर वाट पाहायची? दर्भाचा करून घेऊ." त्यांच्या हातात दर्भ होता. ते त्याला पीळ घालायला लागले.

गवताचा कावळा नको, असं माय म्हणाली होती. लिंबाखाली मी रोज भाकरी ठेवत होतो, माझं तोंड त्यांना पाठ करून देत होतो, आणि ते तोंडच आज न्हाव्यानं काढून घेतलं होतं. माझ्याजवळ त्यांना ओळख पटेल असं काय उरलं होतं? मी पिंडाकडं पाहिलं. शेजारी खलबत्ता होता.

आजवर कावळे माझी वाट पाहत बसायचे असं मी समजत होतो. पण माझ्या जेवणाच्या वेळेला कधीच धरबंध नव्हता, लाइन बिघडली तर कधी कधी उन्हं कलायची, आणि माय माझ्यासाठी जेवायची थांबायची. कावळे जमायचे ते मायनं पान कुटायला घेतलं की. तिचं पान झालं की भाकरी आलीच, हे त्यांनी केव्हाच मनाशी बांधून ठेवलं असणार. मीच ते कधी ऐकलं नव्हतं.

मी पुढं गेलो. वाळूत बसलो. एक पान घेतलं, शिरा काढल्या, माय करायची तसा चुना लावला, सुपारी टाकली आणि कुटायला लागलो. ठक-ठक-ठक. "आरं, काय करायला?" तात्या म्हणाले. ठक-ठक-ठक.

बाभळीवर हालचाल झाली. एक ओरडला, निराळ्या आवाजात, रागाच्या नव्हे. लंगडी उडाली, वाळूवर उतरली, आधी खलबत्त्याकडं आणि मग माझ्या बिनमिशीच्या तोंडाकडं मान वाकडी करून पाहिलं. मग तुरुतुरु पिंडाजवळ गेली आणि चोच घातली. तिच्यामागून बाकीचे उतरले. पाठीमागं बायकांनी हुंदके दिले. "म्हातारीचा जीव पानात अडकलावता गं," आक्का म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं. पाहुणे आंघोळीला नदीत उतरले. सत्तारभाई दरडीवर उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहून डोळे पुसले.

मी तिथंच बसून राहिलो. कावळ्यांचं झालं, ते उडून गेले. खलबत्त्यात मायचं पान तयार होतं, बारीक कुटलेलं, तिला लागायचं तसं. ते चिमटीत घेतलं आणि माझा हात सवयीनं शेजारी गेला, बाज असायची त्या बाजूला. तिथं वाळू होती. मी जन्मात कधी पान खाल्लं नव्हतं. ते मी माझ्याच तोंडात टाकलं.